द्वंद्वात्मक भौतिकवाद वापरायचा कसा? राजकीय विश्लेषण आणि विज्ञान यांसाठी एक कार्यपद्धती

समाजवादी चळवळीच्या अभ्यासवर्गांत द्वंद्वात्मक भौतिकवाद, म्हणजे भौतिक जग मूळ मानून त्यातील बदल अंतर्गत विरोधांतून समजून घेण्याची मार्क्सवादी पद्धत, बहुधा तीन सूत्रांच्या पाठांतराने सुरू होतो आणि तिथेच संपतो. परस्परविरोधी घटकांचे ऐक्य आणि संघर्ष, संख्यात्मक बदलाचे गुणात्मक बदलात होणारे रूपांतर आणि नकाराचा नकार (जुन्याला नाकारणारी अवस्थाही पुढे नाकारली जाऊन होणारा विकास) ही सूत्रे पाठ झाली, पाण्याची वाफ होण्याचा दाखला देऊन झाला, की विषय आटोपला असे मानले जाते. एखाद्या संपाचे, निवडणुकीतील पराभवाचे किंवा वैज्ञानिक वादाचे प्रत्यक्ष विश्लेषण करण्याची वेळ आली की मात्र ही सूत्रे हाती काही लागू देत नाहीत. किंवा त्याहून वाईट म्हणजे, आधीच ठरवून ठेवलेल्या निष्कर्षावर शिक्का मारण्यापुरती ती उपयोगी पडतात. पुढील मांडणी ही पद्धत खरोखर वापरू पाहणाऱ्यांसाठी आहे आणि तिची भूमिका अशी की, कोणते प्रश्न विचारावेत हे द्वंद्वात्मक विचार फार चांगले सुचवतो, परंतु मिळालेले उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार पुराव्याचा आहे.

आधी काय मान्य करावे लागते

पद्धत वापरण्यापूर्वी दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. पहिली, जग आपल्या जाणिवेच्या आधीपासून आणि तिच्यावाचून अस्तित्वात आहे आणि जाणीव ही त्याच जगात, भौतिक परिस्थितीत घडते. दुसरी, कोणतीही वस्तू किंवा समाजव्यवस्था स्थिर नसते आणि तिच्यातील बदलाचे मुख्य कारण बाहेरच्या धक्क्यापेक्षा तिच्या आतल्या, एकमेकांना बांधलेल्या आणि तरीही एकमेकांविरुद्ध ओढणाऱ्या प्रवृत्तींत शोधावे लागते. यापलीकडे सुरुवातीला काहीही मान्य करण्याची गरज नाही.

एक ऐतिहासिक तपशील मात्र ध्यानात ठेवणे हिताचे आहे. ‘द्वंद्वात्मक भौतिकवाद’ हा शब्दप्रयोग मार्क्सने स्वतः कुठेही केलेला नाही. तो जर्मन समाजवादी योझेफ डिट्झगेनच्या १८८७ च्या लेखनात आणि पुढे १८९१ मध्ये रशियन मार्क्सवादी प्लेखानोव्हच्या लेखनात आढळतो. मार्क्सने ‘भांडवल’मध्ये वापरलेली विश्लेषणपद्धती, त्याचा सहकारी एंगल्स याने निसर्गविज्ञानापर्यंत नेलेली तिची व्याप्ती, लेनिनने राजकीय निर्णयांसाठी केलेला तिचा उपयोग आणि १९३८ मध्ये स्तालिनच्या नावाने प्रसिद्ध झालेले तिचे सूत्रबद्ध रूप हे चार वेगवेगळे थर आहेत. शेवटच्या थरात तर नकाराचा नकार हे सूत्र यादीतून गुपचूप वगळले गेले होते. तेव्हा कोणी ‘द्वंद्वात्मक भौतिकवाद असे सांगतो’ म्हणाले की कोणत्या थरातला, असे विचारून घ्यावे. अर्धे वाद तिथेच मिटतात.

विरोध शोधणे: कामाच्या दिवसाचे उदाहरण

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त गैरवापर होणारी पायरी म्हणजे विरोध ओळखणे. दोन गोष्टी वेगळ्या आहेत किंवा दोन गटांचे पटत नाही, एवढ्यावरून तिथे द्वंद्वात्मक विरोध आहे असे ठरत नाही. कसोटीचा प्रश्न असा आहे की, एक बाजू काढून टाकली तर दुसरी आहे तशी उरते का? दोन प्रतिस्पर्धी गिरण्यांपैकी एक बंद पडली तर दुसरी गिरणीच राहते. मजुरीवर काम करणारा वर्गच नसेल तर मात्र भांडवल हे भांडवल राहत नाही, नुसती यंत्रे आणि पैसा उरतो. दुसऱ्या प्रकारच्या संबंधालाच या पद्धतीत विरोध म्हणावे. ‘हे विधान खरेही आहे आणि खोटेही’ अशा तार्किक विसंगतीशी त्याची गल्लत करू नये. प्रत्यक्षातील ओढाताण तपासता येते, विसंगत विधान मात्र दुरुस्तच करावे लागते.

आता हे एका उदाहरणावर करून पाहू. समजा, कामाचा दिवस १२ तासांचा आहे आणि मजूर आपल्या मजुरीइतके मूल्य पहिल्या ६ तासांत निर्माण करतो. उरलेल्या ६ तासांत निर्माण होणारे मूल्य मालकाकडे जाते, तेच वरकड मूल्य. त्याचे मजुरीपुरत्या तासांशी प्रमाण, म्हणजे वरकड मूल्याचा दर, १०० टक्के. मालक श्रमशक्तीचा, म्हणजे मजुराच्या काम करण्याच्या क्षमतेचा, ग्राहक या नात्याने दिवस शक्य तितका लांबवण्याचा हक्क सांगतो आणि कामगार विक्रेता या नात्याने आपली श्रमशक्ती उद्याही विकण्याजोगी शिल्लक राहावी म्हणून दिवस मर्यादित ठेवण्याचा हक्क सांगतो. विनिमयाच्या नियमानुसार दोन्ही हक्क सारखेच वैध आहेत, त्यामुळे निकाल बळावर लागतो. मार्क्सचे हे निरीक्षण प्रसिद्धच आहे. परंतु अनेक वाचक येथेच थांबतात. खरे काम यापुढे आहे.

इंग्लंडमध्ये १८४७ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांच्यासाठी दहा तासांची मर्यादा आली. आपल्या हिशेबात दिवस १० तासांचा झाला आणि बाकी काही बदलले नाही, तर वरकड तास ४ उरतात आणि दर सुमारे ६७ टक्क्यांवर येतो. तो पुन्हा १०० टक्क्यांवर न्यायचा तर मजुरीपुरते मूल्य ५ तासांतच निर्माण झाले पाहिजे. म्हणजे एक तर मजुरांच्या गरजेच्या वस्तू स्वस्त व्हायला हव्यात, नाही तर त्याच तासात अधिक श्रम पिळून घेतले पाहिजेत. कामगारांनी जिंकलेली मर्यादाच अशा रीतीने भांडवलाला यंत्रांकडे आणि कामाचा वेग वाढवण्याकडे ढकलते, आणि ती यंत्रे पुढे कामगारांसमोर नवा प्रश्न उभा करतात. याचा पुरावा मार्क्सने तत्त्वज्ञानातून आणलेला नाही, तर लिओनार्ड हॉर्नर याच्यासारख्या सरकारी कारखाना-निरीक्षकांच्या अहवालांतून आणला आहे. प्रेस्टन येथील एका गिरणीमालकाने १८४४ च्या एप्रिलमध्ये आपल्या दोन गिरण्यांतील काम १२ तासांवरून ११ तासांवर आणले आणि सुमारे वर्षभरानंतर उत्पादन तेवढेच, खर्च तेवढाच आणि मजुरीही तेवढीच असल्याचे त्याला आढळले. बाराव्या तासाचे काम अकरा तासांत दाबून बसवले गेले होते. हा तपशील नसता तर वरचा सगळा युक्तिवाद नुसता अंदाज ठरला असता.

आपल्या विषयाचे विश्लेषण करताना हाच क्रम ठेवावा. दोन्ही बाजू नावानिशी लिहाव्यात. त्यांना बांधणारा संबंध एका वाक्यात सांगावा. एका बाजूच्या यशामुळे दुसरीच्या वागण्यात काय बदल होतो ते काळाच्या क्रमाने मांडावे. आणि प्रत्येक टप्प्यासाठी विरोधी पक्षालाही नाकारता येणार नाही असा पुरावा शोधावा. या ठिकाणी सरकारी आकडेवारी, न्यायालयीन कागदपत्रे आणि कंपन्यांचे ताळेबंद हे पक्षाच्या मुखपत्रापेक्षा अधिक उपयोगाचे ठरतात.

‘गुणात्मक झेप’ म्हणण्यापूर्वी

संख्यात्मक बदल साचत जाऊन एका क्षणी गुणात्मक बदल होतो, हे सूत्र इतके सैल आहे की ते कशालाही लावता येते. म्हणून ते वापरण्याआधी तीन रिकाम्या जागा भरण्याची सक्ती स्वतःवर घालावी: कोणती राशी वाढते आहे, उंबरठा कुठे आहे आणि तो तिथेच का आहे.

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात या जागा भरून दाखवल्या आहेत. मजुराला स्वतःच्या निर्वाहासाठी रोज ८ तास लागतात आणि तो १२ तास राबतो, असे धरले तर एका मजुराकडून मालकाला ४ तासांचे वरकड मूल्य मिळते. निव्वळ एका मजुराइतके जगायचे असेल तर मालकाला दोन मजूर ठेवावे लागतील. मजुराच्या दुप्पट चांगले जगायचे आणि शिवाय मिळालेल्या वरकडीपैकी निम्मी पुन्हा भांडवलात घालायची, तर आठ मजूर लागतील. त्यापेक्षा कमी पैसा हाताशी असणारा माणूस हा छोटा धनी असतो, स्वतःही हातोडा उचलतो. त्या रकमेपलीकडे तो भांडवलदार होतो. राशी ठरलेली आहे, उंबरठा मोजलेला आहे आणि कारण उघड आहे. नेमक्या याच ठिकाणी मार्क्सने जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचा हा नियम येथे प्रत्ययास येतो असे म्हटले आहे, आणि तेही हिशेब पूर्ण झाल्यावर. ‘असंतोष साचतो आहे, लवकरच झेप होईल’ अशा वाक्यात मात्र तिन्ही जागा रिकाम्या असतात, म्हणून ते खोडून टाकावे.

राजकीय निर्णयासाठी

पाया (उत्पादनाची व्यवस्था) आणि इमला (तिच्यावर उभे राहणारे राजकारण, कायदा, विचार) यांच्या संबंधाबद्दल येथे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. एंगल्सने १८९० च्या सप्टेंबरमध्ये योझेफ ब्लोख याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले होते की, प्रत्यक्ष जीवनाचे उत्पादन आणि पुनरुत्पादन हा इतिहासातील अंतिमतः निर्णायक घटक आहे, तो एकमेव घटक आहे असा अर्थ कोणी लावला तर ते विधान निरर्थक होते. त्याच वर्षी कोनराड श्मिट याला लिहिताना त्याने तक्रार केली की, जर्मनीतील तरुण लेखक अभ्यास टाळण्यासाठी ‘भौतिकवादी’ हे बिरूद हव्या त्या गोष्टीला चिकटवतात. शंभराहून अधिक वर्षांनीही ही तक्रार जुनी झालेली नाही.

निर्णयप्रक्रियेत पद्धत कशी वापरावी याचा उत्तम नमुना १९२१ च्या जानेवारीतील कामगार संघटनांविषयीच्या वादात सापडतो. क्रांतीनंतरच्या रशियन राज्यात कामगार संघटनांचे काम काय, उत्पादनाचा कारभार पाहण्याचे की कामगारांना शिक्षण देण्याचे, यावर ट्रॉट्स्की, बुखारिन आणि लेनिन या बोल्शेविक नेत्यांत मतभेद होते. दोन्ही म्हणणी खरी आहेत, असे सांगताना बुखारिनने व्यासपीठावरच्या काचेच्या पेल्याचा दाखला दिला: तो काचेचे नळकांडेही आहे आणि पाणी पिण्याचे भांडेही. लेनिनचे उत्तर असे की, दोन व्याख्या शेजारी ठेवून त्यांची बेरीज करणे ही निव्वळ सारसंग्रही वृत्ती झाली. पेला कागदावर वजन म्हणून ठेवता येतो, फेकून मारता येतो, पकडलेले फुलपाखरू झाकायला वापरता येतो. पाणी प्यायचे असेल तर त्याचा तळ फुटका नाही ना आणि कडेने ओठ कापणार नाहीत ना, हे महत्त्वाचे. तो नेमका नळकांड्याच्या आकाराचा आहे की नाही, हे गौण. यातून त्याने चार अपेक्षा मांडल्या: विषयाच्या शक्य तितक्या सर्व बाजू आणि संबंध पाहावेत, त्याचा विकास पाहावा, मानवी व्यवहाराला त्याच्या व्याख्येत स्थान द्यावे आणि सत्य नेहमी ठोस असते हे विसरू नये.

कोणत्याही ठरावाचा मसुदा लिहिताना या चार अपेक्षा समोर ठेवण्याजोग्या आहेत. मात्र सर्व बाजू पाहायच्या तर त्या बाजू बोलणारी माणसे सभेत असावी लागतात. त्याच वर्षी मार्चमध्ये रशियन पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली आणि माझ्या मते स्वतःच्याच पहिल्या अपेक्षेची पूर्तता अवघड करून ठेवली. पद्धत कागदावर कितीही काटेकोर असली तरी मतभेद मांडण्याची मुभा नसलेल्या संघटनेत ती चालत नाही.

गैरवापर ओळखण्यासाठी त्याच पक्षाच्या १९३० च्या सोळाव्या अधिवेशनातील स्तालिनचे प्रसिद्ध प्रतिपादन उपयोगी आहे. राज्यसंस्था विलीन व्हावी हे आपले ध्येय असून त्या विलीनीकरणाच्या तयारीसाठीच राज्यसत्ता जास्तीत जास्त बळकट केली पाहिजे, असे सांगून त्याने हे ‘परस्परविरोधी’ असल्याचे मान्य केले आणि हा विरोध म्हणजेच मार्क्सची द्वंद्वात्मकता असल्याचे जाहीर केले. याला मखलाशी म्हणतात. ती ओळखण्याचा उपाय सोपा आहे: घटना नेमकी उलट घडली असती तर हेच स्पष्टीकरण तितक्याच सहजतेने देता आले असते का, असे विचारावे. उत्तर ‘होय’ असेल तर त्या वाक्यात आशय नाही. मार्क्सला हा धोका पुरता ठाऊक होता. १८५७ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीभोवतीच्या लढाईबद्दल वृत्तपत्रात भाकीत केल्यावर त्याने एंगल्सला मिस्कीलपणे कळवले की, आपले हसे होण्याचा संभव आहे, पण थोड्या द्वंद्वात्मकतेच्या आधारे त्यातून सुटता येईल. कसेही झाले तरी बरोबर ठरावे अशीच शब्दरचना आपण केली आहे. त्याने हे विनोदाने लिहिले होते. पुढे अनेकांनी तेच गंभीरपणे केले.

विज्ञानात: प्रश्न कुठून येतो आणि निकाल कुठे लागतो

निसर्गावर द्वंद्वात्मक नियम लादायचे नसून ते निसर्गातच शोधायचे आहेत, असे एंगल्सने १८८५ मध्ये लिहिले होते. त्याचे स्वतःचे काम या कसोटीवर कुठे उतरते आणि कुठे नाही, हे पाहण्यासारखे आहे. वानराचे मानवात रूपांतर होण्यात श्रमाचा वाटा काय, यावरचा त्याचा १८७६ चा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८९६ मध्ये छापला गेला. त्याचे म्हणणे असे की, प्रथम ताठ चाल आली, हात मोकळे झाले, श्रम आणि भाषा आली आणि त्यानंतर मेंदू वाढला. मेंदूला पहिला मान देणे त्या काळी अनेकांना स्वाभाविक वाटे. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेली ताउंगची कवटी आणि १९७४ मध्ये इथिओपियात सापडलेला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा ‘ल्यूसी’चा सांगाडा यांनी ताठ चाल मोठ्या मेंदूच्या फार आधीची असल्याचे दाखवले. परंतु त्याच निबंधात कष्टाने कमावलेले हाताचे कौशल्य वारशाने पुढच्या पिढीत उतरते, हेही एंगल्सने गृहीत धरले आहे आणि ते चूक ठरले. दोन्ही विधाने एकाच तत्त्वज्ञानातून आली होती. कोणते टिकणार हे जीवाश्मांनी आणि आनुवंशिकीने ठरवले.

१९४८ हे वर्ष या दृष्टीने फारच बोलके आहे. त्या वर्षी ३१ जुलै ते ७ ऑगस्ट या काळात मॉस्कोत कृषिविज्ञान अकादमीचे अधिवेशन भरले. जनुकांचा सिद्धान्त ‘आदर्शवादी’ (भौतिकाऐवजी कल्पनेला मूळ मानणारा) असून परिस्थिती बदलून वनस्पतींची आनुवंशिकता हवी तशी वळवता येते, हा सोव्हिएत कृषिशास्त्रज्ञ लिसेंको याचा दावा तिथे अधिकृत ठरला. आपला अहवाल पक्षाच्या केंद्रीय समितीने तपासून मान्य केला आहे, असे त्याने अखेरच्या दिवशी सांगितल्यावर चर्चेला काही अर्थच उरला नाही. त्याचे प्रमुख विरोधक, जनुकशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९४० मध्येच अटकेत गेले होते आणि १९४३ च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात मरण पावले होते. विशेष म्हणजे हर्मन म्यूलर या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने सोव्हिएत संघात काम करीत असताना, १९३४ मध्ये, जनुकांचा सिद्धान्तच द्वंद्वात्मक भौतिकवादाशी सुसंगत असल्याचे प्रतिपादन केले होते. एकाच तत्त्वज्ञानातून परस्परविरुद्ध जीवशास्त्रे ‘सिद्ध’ होत असतील, तर सिद्ध करण्याचे काम त्या तत्त्वज्ञानाकडे सोपवू नये.

त्याच १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील क्लॉसेन, केक आणि हिसी या तिघांनी ‘ॲकिलिया’ या वनस्पतीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी एकाच रोपाचे तुकडे करून ते सुमारे ३०, १४०० आणि ३०५० मीटर उंचीवरील बागांत लावले, म्हणजे आनुवंशिकता तीच आणि परिस्थिती तीन प्रकारची. सखल भागात सर्वांत उंच वाढणारे रोप पर्वतावर सर्वांत उंच राहिले नाही. रोपांचा क्रमच उलटसुलट झाला. तेव्हा उंचीचा इतका टक्के भाग जनुकांमुळे आणि इतका परिस्थितीमुळे, अशी सरसकट विभागणी करता येत नाही. या तिघांचा मार्क्सवादाशी संबंध नव्हता. पुढे रिचर्ड लेवॉन्टिन या मार्क्सवादी जनुकशास्त्रज्ञाने हीच निरीक्षणे वापरून जीव आणि परिस्थिती एकमेकांना घडवतात, हा द्वंद्वात्मक मुद्दा मांडला. लिसेंको आणि लेवॉन्टिन यांचा प्रश्न वरवर पाहता सारखाच होता. लेवॉन्टिनच्या मागे तुलनेसाठी लावलेली रोपे होती आणि लिसेंकोच्या मागे टाळ्या.

म्हणून संशोधनात ही पद्धत वापरणाऱ्याने तत्त्वज्ञान गृहीतक सुचवण्याच्या टप्प्यावरच ठेवावे. हा घटक खरोखर स्वतंत्र आहे की संबंधातून घडलेला आहे, तो अविभाज्य आहे की त्याच्या आत आणखी रचना आहे, स्थिर दिसणारी अवस्था कोणत्या उलटसुलट प्रक्रियांनी टिकून आहे, असे प्रश्न त्यातून निघतात. जपानी भौतिकशास्त्रज्ञ शोइची साकाता यांनी एंगल्सपासून स्फूर्ती घेऊन १९५६ मध्ये अनेक ‘मूलभूत’ कण हे प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि लॅम्डा या तिघांपासून बनले असल्याचे प्रतिमान मांडले. त्या कणांना अंतर्गत रचना आहे ही दिशा बरोबर निघाली. ते तीन घटक मात्र १९६४ मध्ये आलेल्या क्वार्क या त्याहून मूलभूत कणांच्या कल्पनेपुढे टिकले नाहीत. प्रतिमान मोजता येण्याजोगे होते म्हणूनच ते चूक ठरू शकले, आणि हे त्याचे श्रेयच आहे. इतिहासाच्या क्षेत्रात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी अशीच शिस्त पाळली. प्राचीन नाणी हातोहात फिरताना झिजतात, या भौतिक वस्तुस्थितीवरून त्यांनी नाण्यांची वजने घेतली आणि संख्याशास्त्राच्या आधारे त्यांचा कालक्रम लावण्याची पद्धत उभी केली.

विज्ञानाच्या सामाजिक मुळांचा अभ्यास हा वेगळा उपयोग आहे आणि तो जपून करावा. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ बोरिस हेसेन यांनी १९३१ मध्ये लंडनच्या परिषदेत न्यूटनच्या यांत्रिकीमागे नौकानयन, खाणकाम आणि तोफखाना यांचे प्रश्न कसे उभे होते ते दाखवले आणि विज्ञानाच्या इतिहासाला नवी दिशा दिली. पाच वर्षांनी त्यांच्याच देशात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सिद्धान्त कोणत्या गरजेतून जन्मला हे सांगितल्याने तो खरा की खोटा हे ठरत नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियम व्यापाऱ्यांच्या काळात सापडला म्हणून तो व्यापाऱ्यांपुरता खरा नसतो.

मसुदा तपासणे आणि वाचनाचा क्रम

विश्लेषण लिहून झाले की त्यातून ‘विरोध’, ‘नकार’, ‘झेप’, ‘द्वंद्वात्मक’ हे सर्व शब्द काढून ते पुन्हा वाचावे. कामाच्या दिवसाविषयीचा वरचा युक्तिवाद या छाटणीनंतरही उभा राहतो, कारण त्यात तास, मजुरी आणि कायदा आहे. मजकूर शब्दांबरोबरच नाहीसा झाला तर त्यात मुळातच काही नव्हते असे समजावे. त्यानंतर काय आढळले तर आपण हा निष्कर्ष मागे घेऊ, ते एका ओळीत लिहून मसुद्यालाच जोडावे, म्हणजे सहा महिन्यांनी पळवाट उरत नाही.

वाचनाची सुरुवात ‘भांडवल’च्या पहिल्या खंडातील कामाच्या दिवसावरील प्रकरणापासून करावी, ते लांब आहे, पण सर्वांत कमी अवघड आहे. त्यानंतर एंगल्सची १८९० च्या दशकातील पत्रे आणि लेनिनचा पेल्याचा उतारा घ्यावा. एंगल्सने निसर्गाविषयी लिहिलेली टिपणे १९२५ मध्ये प्रथम छापली गेली. ती अपूर्ण आहेत हे लक्षात ठेवून, शक्यतो जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र जाणणाऱ्या सोबत्याबरोबर वाचावीत. १९३८ ची सूत्रबद्ध पुस्तिका सर्वांत शेवटी, आणि तीही इतिहासाचा कागद म्हणून.